आयर्न क्रॉस घेताय? आधी भिंग घ्या: युद्धकाळातली जर्मन पदकं आणि कलावस्तू पारखायची रीत

माझा पहिला आयर्न क्रॉस अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. एका जुन्या बाजारात घेतला होता, विकणारा म्हणाला की एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यातून आलाय, साहेबाने मेसोपोटेमियात एका मेलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या छातीवरून काढला होता, आणि मी ते सगळं ऐकून घेतलं कारण मला तेच ऐकायचं होतं. घरी येऊन सहज फ्रीजवरचं मॅग्नेट लावलं तर चिकटेचना. नाव लोहक्रॉस आणि आत लोखंडच नाही! मग नीट बघितलं तर सगळा एकाच तुकड्यात ओतलेला, काळा रंग वरून फासलेला, कडेला बुडबुड्यांची भोकं. साहेब, बंगला, मेसोपोटेमिया, सगळं त्या किमतीतच आलं होतं म्हणायचं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली की विकणारा गोष्ट सांगायला लागला की मान हलवायची आणि डोळे वस्तूवर ठेवायचे. कारण वस्तू दोन बाबतीत लपवाछपवी करू शकत नाही. एक म्हणजे खऱ्या वस्तूवरून साचा काढून नक्कल ओतली की ती आकसते आणि तिची धार जाते. दुसरं म्हणजे ज्या डायवर, म्हणजे ठोकायच्या पोलादी साच्यावर, खरी वस्तू ठोकली त्या डायला काळानुसार ओरखडे, तडे पडतात आणि ते प्रत्येक नगावर उमटत जातात. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरतं, बाकी भर आहे.

आणि एक आधीच सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच वस्तूंवर नाझी चिन्हं असतात, काहींच्या मागे तर छळछावण्या आहेत. ज्याला ही चिन्हं मिरवायची आहेत त्याच्यासाठी हा लेख नाही.

पहिली पायरी: स्वस्तात शिका

नवा माणूस थेट रिटरक्रॉइत्झ म्हणजे गळ्यातला नाइट्स क्रॉस किंवा पहिल्या युद्धातला निळा पूर ल मेरीत, ज्याला ब्लू मॅक्स म्हणतात, त्याच्या मागे लागतो. हे म्हणजे पोहायला शिकायला थेट वसईच्या खाडीत उडी मारण्यासारखं आहे. नाइट्स क्रॉस अख्ख्या दुसऱ्या युद्धात सात हजारांच्या थोडे वर लोकांना मिळाला आणि पूर ल मेरीत पहिल्या युद्धात सातशेपेक्षा कमी जणांना. म्हणजे जगात जेवढे खरे आहेत त्याच्या कितीतरी पट विकायला आहेत, हिशोब तुम्हीच करा.

सुरुवात हिंडेनबुर्ग क्रॉसने करा. १९३४ साली काढलेलं हे पदक पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि मेलेल्यांच्या विधवा-आईवडिलांना अर्ज केल्यावर मिळायचं, सुमारे ८० लाख वाटले गेले, त्यामुळे आजही सगळ्यात स्वस्त जर्मन पदकांमध्ये मोडतं. प्रत्यक्ष लढलेल्याला तलवारींसकट, न लढलेल्याला बिनतलवारीचं, वारसांना काळं. नाझी काळातलं असूनही यावर स्वस्तिक नाही, आणि मागे कारखान्याचा ठसा असतो. चार-पाच वेगवेगळ्या ठशांचे घेऊन शेजारी ठेवले की एकाच डिझाइनमध्ये कारखान्यागणिक कसा फरक पडतो ते डोळ्याला कळायला लागतं, हे पुस्तकातून कळत नाही. त्यानंतर १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, आणि १९१८ चा जखमी बिल्ला (एक-दोन जखमांना काळा, तीन-चारला चंदेरी, पाच आणि पुढे सोनेरी). या तीन वस्तूंवर वर्षभर घालवलं तरी चालेल, मी दीड वर्ष घालवलं.

दुसरी पायरी: हत्यारं

सराफ वापरतो ते दहा पट भिंग, डिजिटल व्हर्नियर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा पॉकेट काटा, दोऱ्याला टांगलेलं छोटंसं मॅग्नेट (टांगलेलं असलं की हलकी ओढसुद्धा दिसते आणि वस्तूवर चरा पडत नाही), आणि यूव्ही टॉर्च. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या, ३९५ चा स्वस्त मिळतो पण त्याच्या जांभळ्या उजेडातच सगळं बुडून जातं. एवढ्यात भागतं.

सोनाराकडे कसोटीवर घासायला किंवा ॲसिड लावायला अजिबात देऊ नका, एका घासण्यात पदकाची किंमत आणि पुरावा दोन्ही जातात. चांदी किती ते बघायचंच असेल तर हॉलमार्किंग सेंटरमध्ये एक्स-रे मशीन असतं, त्यात वस्तूला धक्का लागत नाही. पण ते मशीन वरचा थरच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असेल तर आतलं पितळ ते सांगणार नाही. क्रॉसची चौकट खऱ्या ८०० चांदीची (हजारात आठशे भाग) असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास चांदी आणि उरलेलं मुख्यतः तांबं दिसायला हवं.

तिसरी पायरी: क्रॉस टेबलावर घ्या

थोडा इतिहास लागतोच इथे. आयर्न क्रॉस १० मार्च १८१३ ला प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने ब्रेस्लाऊमध्ये काढला, नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी, आणि त्याच्या आखणीत शिंकेल हा नामांकित वास्तुकार होता. राज्याची तिजोरी रिकामी होती, लोक सोनं देऊन लोखंडाचे दागिने घेत होते, म्हणून पदकसुद्धा लोखंडाचं. नंतर १८७०, १९१४ आणि १९३९ ला ते पुन्हा पुन्हा काढलं. १९१४ च्या दुसऱ्या वर्गाच्या क्रॉसवर एका बाजूला मुकुट, डब्ल्यू अक्षर आणि १९१४, दुसऱ्या बाजूला मुकुट, एफडब्ल्यू, ओकची पानं आणि १८१३. १९३९ च्या पुढच्या बाजूला स्वस्तिक आणि १९३९, मागे फक्त १८१३. पहिल्या युद्धातल्या दुसऱ्या वर्गाच्या क्रॉसचा आकडा सुमारे ५० लाख सांगतात, त्यामुळे "अत्यंत दुर्मिळ आयर्न क्रॉस" असं कुणी म्हटलं की तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

आता बांधणी. खरा क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या किंवा चांदीसारख्या पांढऱ्या धातूच्या पत्र्याची ठोकलेली चौकट, आणि त्या दोन चौकटी कडेने डाखलेल्या. म्हणून पहिली नजर तोंडावर नाही, कडेवर. क्रॉस आडवा धरा, भिंगातून कडेभोवती फिरा, कुठेतरी सांध्याची बारीक रेघ दिसायला हवी. चांगल्या कारागिराने ती घासून जवळजवळ घालवलेली असते, पण चारही भुजांच्या बारा कडांवर कुठे ना कुठे सापडतेच. रेघ नाहीच, उलट बारीक भोकं किंवा घासलेल्या ओतीव कामाची खूण दिसली तर पुढे बघायचं कारण नाही.

मग मॅग्नेट. ते मध्ये चिकटायला हवं आणि चौकटीवर सहसा नाही. इथे एक अपवाद आहे, पितळी गाभ्याचे खरे क्रॉसही सापडतात, त्यामुळे मॅग्नेट चिकटलं नाही म्हणजे खोटाच असं नाही आणि चिकटलं म्हणजे खरा असंही नाही कारण आजच्या नकलांमध्येही लोखंड घालतात. माझ्या पेपरवेटचा निकाल मॅग्नेटने नाही, कडेने लागला होता.

मग मोजमाप. १९३९ चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस साधारण ४४ मिमी रुंद, १९१४ चा थोडा लहान, ४२-४३ च्या घरात. खऱ्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना एक-दोन टक्के आकसते, म्हणजे ४४ वर जवळपास अर्धा-पाऊण मिलिमीटर. हे डोळ्याला कळत नाही, व्हर्नियरला कळतं. एकच माप घेऊन थांबू नका, आडवं, उभं, भुजेची रुंदी, जाडी, सगळं वहीत लिहा आणि त्याच कारखान्याच्या खात्रीच्या नगाशी लावून बघा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची मापं थोडी इकडेतिकडे असतात.

शेवटी चौकटीच्या आतली दाण्यांची कड. खऱ्यात प्रत्येक दाणा सुटा, टोकदार, दोन दाण्यांमधली खाच स्वच्छ. ओतीव नकलेत दाणे वितळलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांत मिसळलेले. आकड्यांच्या कडा आणि मुकुटाचे मणीही तसेच बघा. खरा झिजलेला असेल तर उंच भागावरच झिजलेला असतो, खोलातली धार शाबूत राहते, नकलेत मात्र खोलातही सगळं गुळगुळीत. झीज आणि बोथटपणा यातला फरक ज्या दिवशी डोळ्यात बसला त्या दिवशी अर्धं काम झालं समजा.

पहिल्या वर्गाचा क्रॉस छातीवर पिनने लागतो, त्यामुळे तिथे बिजागरी, पिन आणि आकडा बघायचा. फिरवून बंद होणारं आजच्या ब्रोचसारखं लॉक दिसलं तर हात मागे घ्या. पण पिन बदललेली असू शकते, दुरुस्ती केलेली असू शकते, तेव्हा जुनी डाख आणि नवी डाख यांचा रंग बघा, नवी डाख बहुतेक वेळा जास्त चकचकीत असते आणि आजूबाजूचा जुना काळपटपणा तिने खाल्लेला असतो.

चौथी पायरी: ठसे, आणि ठशांवर किती भरवसा

दुसऱ्या युद्धातल्या पदकांवर दोन तऱ्हेचे आकडे सापडतात. सरकारी वाटपासाठी बनवलेल्यावर राष्ट्राध्यक्ष कार्यालयाने, म्हणजे प्रेझिडियालकान्झलायने, कारखान्याला दिलेला साधा नंबर असतो: १ म्हणजे म्युनिकचा डेश्लर, २ म्हणजे बर्लिनचा युंकर, ४ म्हणजे ल्युडेनशाइडचा स्टाइनहाउअर अँड ल्युक, ६५ म्हणजे इडार-ओबरस्टाइनचा क्लाइन अँड क्वेन्झर. दुकानातून विकत घेण्यासाठी बनवलेल्यावर एल आणि तिरकी रेघ घालून आकडा, तो पदक कारखानदारांच्या एलडीओ या संघटनेचा, जी १९४१ मध्ये सुरू झाली. म्हणजे एलचा ठसा असलेला क्रॉस घेऊन कुणी "हा १९४० मध्ये पॅरिस पडलं तेव्हा मिळाला" असं सांगत असेल तर मग कॅलेंडरच खोटं म्हणायचं.

पण ठसा हा पुरावा नाही, ठसा म्हणजे फक्त एक दावा आहे. ठसा मारायला एक पंच लागतो आणि तो कुणीही करून घेतो. उपयोग असा करायचा की ठशाने कारखाना सांगितला की मग त्या कारखान्याच्या गाभ्याचा आकार, मुकुटाची ठेवण, आकड्यांचं वळण या वस्तूत आहे का ते बघायचं. ठसा ६५ चा आणि गाभा भलत्याच कारखान्याचा, असं निघालं की खेळ संपला. बिनठशाचे खरे क्रॉस ढिगाने आहेत, हेही लक्षात ठेवा.

डायचे तडे: ल्युडेनशाइडची गोष्ट

हा माझ्या आवडीचा भाग आहे म्हणून जरा रेंगाळतो. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला की युद्धातली पदकं घालायची असतील तर स्वस्तिक काढलेल्या आवृत्तीत घाला, १९३९ च्या क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं आली. ही पदकं ज्या कारखान्यांनी बनवली त्यात स्टाइनहाउअर अँड ल्युक होता, तोच ज्याने युद्धात नाइट्स क्रॉसही बनवले होते. चौकटीवर स्वस्तिक नसतंच, ते मधल्या गाभ्यावर असतं, त्यामुळे चौकटीचे डाय तसेच वापरता येतात. आता विचार करा, एकच चौकट, मध्ये नवा गाभा घातला की १९५७ चा आणि स्वस्तिकवाला गाभा घातला की "युद्धकाळातला". युद्धानंतर संग्राहकांच्या बाजारात असे बरेच क्रॉस आले.

यातून वाट काढली ती भिंग घेऊन बसणाऱ्या लोकांनी. या कारखान्याच्या चौकटींचे दोन डाय ओळखले गेले, त्यांना ए आणि बी म्हणतात. बी डायच्या चौकटीवर दाण्यांच्या रांगेत, घड्याळात तीन वाजतात त्या बाजूच्या भुजेवर, दाणे बिघडलेले दिसतात, म्हणजे डायच खराब होत चालला होता. डायला पडलेला तडा भरून येत नाही, वाढतो. मग कमी बिघडलेले आधीचे, जास्त बिघडलेले नंतरचे अशी रांग लावता येते, आणि तोच बिघाड १९५७ च्या आवृत्तीच्या चौकटींवर दिसला की त्या बिघाडाच्या स्वस्तिकवाल्या क्रॉसकडे वाकड्या नजरेने बघणं भागच पडतं. बी मधले सुरुवातीचे नग युद्ध संपण्याआधीचे की नंतरचे यावर आजही संग्राहक हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर ज्या वस्तूवर इतकी वर्षं वाद चाललाय तिच्यासाठी हजारो युरो मोजायला मी तयार नाही, ज्याला वादात रस आहे त्याने घ्यावी.

पद्धत मात्र कुठेही लावता येते. तुमच्याकडच्या पदकाचा मोठा फोटो काढा, खात्रीच्या नगाचा फोटो शेजारी ठेवा, आणि डिझाइन नाही तर चुका जुळवा: एखादा अर्धवट दाणा, अक्षराला जोडून आलेली बारीक रेघ, पानाच्या देठाशी आलेला फुगवटा. या चुका जुळल्या तर दोन्ही एकाच डायचे, मग पुढे फक्त कधी ठोकला एवढाच प्रश्न उरतो.

बिल्ले आणि मीनाकाम

पायदळाचा हल्ला बिल्ला, रणगाडा बिल्ला वगैरेंचं थोडक्यात सांगतो. युद्धाच्या सुरुवातीला ते टोंबाक या तांबं-जस्ताच्या मिश्रधातूत किंवा तशाच चांगल्या धातूत निघत, नंतर माल मिळेना तेव्हा जस्तात. जस्तावरचा चंदेरी मुलामा काही वर्षांत उडून जातो आणि बिल्ला राखाडी, उदास दिसायला लागतो. त्यामुळे शेवटच्या काळातला म्हणून विकला जाणारा जस्ताचा बिल्ला आज चांदीसारखा लखलखत असेल तर आधी शंका घ्या.

मीनाकाम असलेल्या वस्तू म्हणजे पूर ल मेरीत किंवा १९३८ चा मातृक्रॉस (चार-पाच मुलांना ब्राँझ, सहा-सातला चांदी, आठ आणि पुढे सोनेरी, बाई म्हणजे कारखाना असाच हिशोब). खरा मीना भट्टीत भाजलेली काच असते: भिंगाखाली खोल दिसतो, थंड लागतो, आणि फुटला तर काचेसारखा शिंपल्याच्या आकारात टवका उडतो. नकलेत इपॉक्सी रंग असतो, तो प्लॅस्टिकसारखा दिसतो आणि कडेला धातूवर किंचित चढून बसलेला असतो. दुरुस्त केलेला मीना यूव्हीखाली वेगळ्या रंगाने चमकतो. गरम सुई टोचून बघायची एक जुनी रीत आहे, इपॉक्सी मऊ पडतं, पण दुसऱ्याच्या वस्तूवर हे केलंत तर वस्तू तुमच्या गळ्यात पडेल.

पाचवी पायरी: फीत आणि कागद

फितीवर यूव्ही मारा. कपडा आणि कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं युद्धानंतर सर्रास झाली, त्यामुळे निळसर-पांढरी लख्ख चमक आली तर धागा बहुधा नंतरचा. पण कुणा आजीने ती फीत आधुनिक साबण पावडरीत धुतली असेल तरीही ती चमकते, आणि मुळात फीत बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून फितीवरून पदकाचा निकाल लावायचा नाही. रंग मात्र पाठ असू द्या: १९१४ ला लढणाऱ्यांची काळी फीत पांढऱ्या पट्ट्यांची, न लढणाऱ्यांची उलट, १९३९ ला मध्ये लाल.

कागद असतील तर खरी मजा. पदकाबरोबर दिलेलं प्रमाणपत्र, सैनिकाचं पगारपुस्तक झोल्डबूख, सेवापुस्तिका वेरपास. यातल्या तारखा, युनिट, सह्या एकमेकांशी जुळतात का ते बघा. शाई कागदात मुरलेली असते, आणि इंकजेट प्रिंट भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसते. नाव मिळालं की अभिलेखागारात शोधता येतं. दुसऱ्या युद्धातल्या सैनिकांच्या नोंदी बर्लिनच्या डॉइचे डीन्स्टश्टेलेकडे होत्या, ते कार्यालय २०१९ पासून बुंडेसआर्काइव्हमध्ये सामील झालं. पहिल्या युद्धाचं अवघड आहे, १४ एप्रिल १९४५ च्या रात्री पोट्सडामवर बॉम्ब पडले आणि प्रशियाच्या सैन्याचं बहुतेक दप्तर जळालं. बव्हेरियाचं दप्तर म्युनिकला वाचलं, म्हणून बव्हेरियन सैनिकाचं नाव असलेली वस्तू मिळाली तर मी जास्त खुश होतो. आणि पहिल्या युद्धातल्या जखमी आणि मृतांच्या छापील याद्या आज ऑनलाइन नावाने शोधता येतात. जखमी बिल्ला आणि नाव दोन्ही हातात असेल तर तिथे नक्की बघा.

लोखंड, ब्राँझ आणि चिनी माती

पदकांपेक्षा मला आता कलावस्तूच जास्त आवडतात, कारण त्यात युद्धाच्या मागचं घर दिसतं. पहिल्या युद्धात जर्मन सरकारने पुन्हा १८१३ सारखं आवाहन केलं, सोनं द्या लोखंड घ्या, आणि १९१६ ला हेर्मान होझेउसने केलेलं लोखंडी पदक देणाऱ्यांना मिळालं: पुढे गुडघ्यावर बसून दागिना देणारी बाई, मागे "सोनं दिलं रक्षणासाठी, लोखंड घेतलं मानासाठी" अशा अर्थाच्या ओळी. मंगळसूत्राची वाटी मोडून देणाऱ्या आपल्याकडच्या बायका आठवतात बघा. हे पदक स्वस्त आहे, मॅग्नेटला चिकटतं, आणि गंज हाच त्याचा मोठा शत्रू.

पारख शिकायला सगळ्यात भारी वस्तू म्हणजे म्युनिकच्या कार्ल गोट्झचं लुसिटानिया पदक. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया जहाज बुडवलं, ११९८ माणसं गेली, आणि गोट्झने त्या जहाजाच्या कुनार्ड कंपनीच्या खिडकीवर सांगाडा तिकिटं विकतोय असं उपरोधिक पदक काढलं. पण तारीख चुकली, ५ मे घातली. ब्रिटिशांनी ते उचलून धरलं, बघा जर्मनांनी हल्ला आधीच ठरवला होता, आणि त्याच्या नकला डबीत घालून लाखोंनी विकल्या. म्हणजे या वस्तूची नक्कलसुद्धा शंभर वर्षांची, ऐतिहासिक! ओळखायचं कसं: जर्मन मूळ पदकावर महिना जर्मन स्पेलिंगमध्ये, एम-ए-आय, ब्रिटिशवर इंग्रजी, एम-ए-वाय. गोट्झने चूक कळल्यावर ७ तारखेचं दुरुस्त पदकही काढलं. मूळ पदक बहुतेक ब्राँझमध्ये ओतलेलं, ब्रिटिश लोखंडी आणि जरा ओबडधोबड, व्यासही मिलिमीटरभर कमी. डबीसकट मिळतं ते जवळजवळ नेहमी ब्रिटिश. दोन्ही घ्या, शेजारी ठेवा, नक्कल म्हणजे काय ते एका मिनिटात समजतं. मात्र मूळ पदक स्वतःच ओतीव आहे, त्यामुळे इथे ओतीव म्हणजे खोटं हा नियम चालत नाही.

आता आलाख पोर्सेलिन, आणि इथे थांबून बोलायला हवं. म्युनिकजवळच्या आलाखमध्ये १९३५ ला हा कारखाना सुरू झाला, एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात गेला, आणि पुढे दाखाऊच्या छळछावणीच्या आवारात उत्पादन हलवून कैद्यांना राबवलं गेलं. थिओडोर केर्नरची हरणं, कुत्री, घोडे बघायला फार सुंदर आहेत आणि ती कुणाच्या हातांनी घडली हे कळल्यावर ते सौंदर्य घशात अडकतं. मी एकही ठेवलेलं नाही. ज्यांना अभ्यासासाठी बघायचं आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो: ठसा चकाकीच्या खाली असायला हवा, नखाने लागत नाही. वरून लावलेला ठसा बोटाला जाणवतो आणि बऱ्याचदा दुसऱ्या कारखान्याच्या पांढऱ्या हरणावर जुना ठसा घासून मारलेला असतो, तळाशी घासल्याचा खडबडीत डाग शोधा. आणि उंची मोजा. चिनी माती भाजताना साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने आकसते, म्हणून खऱ्या मूर्तीवरून साचा काढून केलेली नक्कल बरीच बुटकी निघते. इथे व्हर्नियरसुद्धा नको, शाळेतली पट्टी पुरते.

चांदीच्या भांड्यांबाबत वेगळीच भानगड. जर्मन चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि ८०० असे ठसे असतात, ते ओळखणं सोपं. पण १९३९ मध्ये जर्मनीतल्या ज्यू कुटुंबांना घरातली चांदी सरकारजमा करायला लावली होती, तेव्हा त्या काळातली, अनोळखी घराण्याची अक्षरं कोरलेली चांदी घेताना ती कुठून आली ते विचारा, आणि नाझींनी लुबाडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या माग्डेबुर्गच्या लॉस्ट आर्ट डेटाबेसमध्ये शोधून बघा.

आपल्याकडचा धागा: आझाद हिंद पदक

नेताजी १९४१ ते फेब्रुवारी १९४३ जर्मनीत होते, तिथे उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांमधून आझाद हिंद लीजन उभी राहिली आणि १९४२ मध्ये आझाद हिंद पदकं सुरू झाली, शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद असे वर्ग, लढाईसाठी तलवारींसकट. बनवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ झूवालने. भारतीय संग्राहकाचा जीव यावर अडकतो आणि विकणाऱ्यांना ते माहीत आहे. अडचण ही की झूवालकडून युद्धानंतरही अशी पदकं निघाली, म्हणजे कारखाना खरा, डायही तोच असू शकतो, वस्तू मात्र नंतरची. त्यावर पुन्हा आजच्या ओतीव नकलांचा थर. कागदपत्रं किंवा घराण्याचा माग नसेल तर मी ते "झूवाल, काळ अनिश्चित" याच भावात धरतो. भावना बाजूला ठेवून पैसे मोजणं इथे सगळ्यात अवघड जातं, मला मान्य आहे.

घेताना, आणताना

ऑनलाइन घेताना पुढून, मागून, कडेवरून, पिनचा आणि पट्टीशेजारी ठेवलेला असे फोटो मागा, कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की सोडून द्या. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं अस्सलपणाचं सर्टिफिकेट म्हणजे मिठाईवाल्याने स्वतःच्या पेढ्याला दिलेली शाबासकी. त्यापेक्षा खोटं निघाल्यास परत घेईन हे लेखी घ्या, मुदत न घालता.

जर्मनीत नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींसाठी: तिथे दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, अभ्यास-संशोधनाला सवलत असली तरी. म्हणूनच फ्ली मार्केटात स्वस्तिकावर स्टिकर चिकटवलेला दिसतो. तो स्टिकर काढून इन्स्टावर फोटो टाकू नका. ऑस्ट्रियात १९४७ चा कायदा आणखी कडक आहे. "आमच्याकडे स्वस्तिक शुभ असतं" हे तिथल्या पोलिसाला समजावत बसायची वेळ आणू नका, आपलं रांगोळीतलं स्वस्तिक वेगळं हे आपल्याला माहीत आहे पण आयर्न क्रॉसवरचं ते आपलं नाहीच. भारतात आणताना कस्टममध्ये वस्तू जशी आहे तशीच लिहा. आणि उलट बाजू, भारतात असलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू परत बाहेर पाठवायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, १९१४ चा क्रॉस आता त्या वयात बसतो.

ठेवायचं कसं

पॉलिश करायचं नाही, कधीच नाही, चौकटीवरचा काळपटपणा हा पुराव्याचा भाग आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लोखंडी गाभ्याला रंगाखालून गंज फुटतो, रंग फुगून आला की समजा सुरू झालं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेल दर महिन्याला गरम करून वाळवा, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी. नाण्यांच्या मऊ पीव्हीसी पाकिटात नको, ते काही वर्षांत चिकट हिरवं करून टाकतं. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळं करतात, लोकरीचं कापडही. हाताळताना हातमोजे, नाहीतर घामाळ अंगठ्याचा ठसा दोन महिन्यांनी गाभ्यावर तांबूस उमटतो, माझ्या एका १९१४ च्या क्रॉसवर माझा स्वतःचा उमटलाय, डाव्या भुजेवर, आणि आता तो जात नाही.